अमेरिकी कॉलेज-खेळाडूंचा पैसा: कोणाला, कशाबद्दल आणि तुमच्या मुलीला किती

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, नाशिकला टेनिस खेळते. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या कोचकडून विचारणा झाली आहे. तिकडे कॉलेजच्या खेळाडूंना आता लाखो डॉलर मिळतात असं वाचतो. खेळाचा आणि शिक्षणाचा बाजार झाला, असंही लोक म्हणतात. कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यावेत का? आणि द्यायचंच ठरलं असेल, तर आमच्या मुलीच्या वाट्याला काय येईल?

उत्तर :

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरात चर्चा त्याचीच चालली असणार. टेनिस खेळणाऱ्या आणि एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावर येणाऱ्या मुलीला त्या लाखो डॉलरमधलं जवळजवळ काहीच मिळणार नाही. चांगली शिष्यवृत्ती मिळू शकते, आणि ती लहानसहान गोष्ट नव्हे. वर्षाला 50 ते 90 हजार डॉलर खर्चाच्या शिक्षणाचा भार कमी होणं किंवा पूर्ण उतरणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात असताना 2007 आणि 2008 असा लागोपाठ दोनदा राष्ट्रीय कॉलेज विजेता झाला. ही वाट चांगली आहे. फक्त बातम्यांमधला पैसा या वाटेवर नाही.

आता मोठा प्रश्न. मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात कम्प्लायन्सचं काम करतो. कोणत्या खेळाडूने काय घेतलं, किती तास सराव केला, कोणाशी करार केला आणि ते नियमात बसतं का, हे बघणं माझी नोकरी. पूर्वी एखाद्या खेळाडूला कोणी फुकट बर्गर खाऊ घातला का, याची चौकशी आम्ही करत असू. आता त्याच खेळाडूचा बर्गरच्या कंपनीशी झालेला करार वाचतो. तेव्हा माझं मत आतल्या माणसाचं आहे हे गृहीत धरा. माझा पगारही याच पैशातून होतो.

आपल्याकडच्या वाचकाला आधी या खेळाचा आकार समजत नाही. आंतरविद्यापीठ सामना म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते रिकामं मैदान, दोन पंच आणि खेळाडूंचे चार मित्र. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात 1 लाख 7 हजारांहून जास्त माणसं बसतात, म्हणजे तीन वानखेडे आणि वर थोडे. हा त्यांचा फुटबॉल, हेल्मेट घालून अंगावर जायचा. शनिवारी असं मैदान भरतं, सामना देशभर टीव्हीवर दिसतो, आणि मैदानावरची सगळी पोरं कागदोपत्री विद्यार्थी असतात.

पैसा अलीकडे शिरला, असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी 1852 ची आठवण देतो. हार्वर्ड आणि येल यांच्यात न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपेसाकी सरोवरावर नौकाशर्यत झाली. अमेरिकेतली ती पहिली आंतरकॉलेज स्पर्धा. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता, कारण तिला त्या भागात प्रवासी हवे होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून खेळ विद्यार्थ्यांचा आणि धंदा दुसऱ्याचा.

एनसीएए ही या खेळांची नियामक संस्था. तिचा जन्म 1906 चा, आणि तो पैशावरून झाला नव्हता. फुटबॉलमध्ये पोरं मरत होती, आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांना बोलावून तंबी दिली होती. हौशी खेळाची सोवळी कल्पना इंग्लंडहून आली. तिकडे ती खानदानी लोकांची सोय होती: ज्याला पोटासाठी काम करावं लागतं त्याने आमच्याबरोबर खेळू नये. क्रिकेटमध्ये ‘जंटलमन’ आणि ‘प्लेयर’ हा भेद 1962 पर्यंत चालला. अमेरिकेने ही कल्पना घेतली, पण तिकीटविक्री सोडली नाही. 1956 मध्ये एनसीएएने क्रीडा शिष्यवृत्तीला रीतसर मान्यता दिली आणि एक विचित्र व्यवस्था पक्की झाली. फी, राहणं, जेवण, पुस्तकं दिली तर खेळाडू हौशी. वर खिशाला शंभर डॉलर दिले तर भ्रष्ट.

या व्यवस्थेची खरी किंमत कुठे कळते ते सांगतो. रे डेनिसन नावाचा तरुण कोलोरॅडोमधल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून फुटबॉल खेळताना 1955 मध्ये डोक्याला मार लागून मेला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. 1957 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तो कामगार नव्हता. कॉलेजचा धंदा काही फुटबॉलचा नाही. त्याच काळात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स आणि त्यांच्या वकिलांनी ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्द प्रत्येक नियमात, पत्रकात घुसवला, आणि तो याच दाव्यांपासून बचावासाठी होता, हे बायर्स यांनी पुढे निवृत्तीनंतर स्वतः लिहून ठेवलं. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा फुटबॉलपटू केंट वॉल्ड्रेप 1974 मध्ये मैदानावर पडला आणि त्याचं मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. त्याचा दावा न्यायालयात 2000 सालापर्यंत चालला आणि तोही हरला. पगाराचा वाद आपण पैशाचा समजतो. तो मुळात मान मोडली तर बिल कोण भरणार, इथून सुरू झालेला आहे.

दरम्यान टीव्हीचा पैसा फुगत गेला. 1984 मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठं आपापले सामने विकायला मोकळी झाली. पण त्याच निकालात न्या. स्टीव्हन्स यांनी जाता जाता लिहिलं की या खेळाचं वेगळेपण राखायचं तर खेळाडूंना पैसे देऊ नयेत. त्या एका वाक्यावर एनसीएएने पुढची 37 वर्षं काढली. 2010 मध्ये पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे, मार्च मॅडनेसचे, हक्क 14 वर्षांसाठी 1080 कोटी डॉलरना गेले. नंतर 2032 पर्यंतच्या मुदतवाढीला आणखी 880 कोटी. 2022 मध्ये एकट्या बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने सात वर्षांसाठी 700 कोटी डॉलरच्या पुढचा करार केला. प्रशिक्षकांचे पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर गेले. 2023 मध्ये टेक्सास ए अँड एमने जिम्बो फिशर या कोचला काढलं, तर करार मोडल्याबद्दल त्याला 7 कोटी 50 लाख डॉलरहून जास्त देणं लागत होतं. काम न करण्याचे पैसे! आणि त्याच काळात आम्ही कम्प्लायन्सवाले पोरांच्या जेवणाच्या पावत्या तपासत होतो. 2014 मध्ये कनेटिकट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर संघासह राष्ट्रीय विजेता झाला आणि त्याने पत्रकारांना सांगितलं की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्यानंतर काही दिवसांतच एनसीएएने अमर्याद जेवणाला परवानगी दिली. इतकी वर्षं काय अडलं होतं, ते कोणी विचारलं नाही.

पैसे देऊ नयेत असं म्हणणाऱ्यांचे मुद्दे मी हसण्यावारी नेत नाही. त्यातले दोन वजनदार आहेत. पहिला असा की फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल सोडलं तर बहुतेक खेळ तोट्यात चालतात. पहिल्या श्रेणीच्या फुटबॉलमध्ये उतरणाऱ्या शंभराहून जास्त विद्यापीठांतही खर्च वजा जाता शिल्लक उरणारी साधारण दोन डझनच. बाकीच्यांचा खड्डा विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि विद्यापीठाच्या तिजोरीतून भरला जातो. त्यामुळे फुटबॉलच्या पोरांना वाटा दिला तर पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, टेनिस यांचं काय, हा प्रश्न खरा आहे. पण तो मांडला कसा जातो बघा. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या संघांत कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने असतात, त्यातली बरीच गरीब घरची. त्यांच्या घामावर जे खेळ चालतात त्यात बहुधा सुखवस्तू घरातली मुलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण मला इथे जितकी चपखल वाटते तितकी दुसरीकडे कुठे वाटत नाही. खेळ जगवायचे असतील तर ते विद्यापीठाने, सरकारने, देणगीदारांनी जगवावेत. एकोणीस वर्षांच्या फुटबॉलपटूवर तो कर का बसवायचा?

दुसरा मुद्दा शिक्षणाचा: ही मुलं शिकायला आली आहेत, शिष्यवृत्ती हाच मोबदला. यावर मी तुम्हाला आमच्या कार्यालयातला एक कागद दाखवू शकतो. आठवड्याला 20 तासांच्या वर सराव घ्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून दर आठवड्याला तासांचा तक्ता येतो आणि त्यावर खेळाडूची सही असते. शनिवारचा सामना, कपडे चढवण्यापासून शेवटच्या पत्रकार परिषदेपर्यंत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला तरी तक्त्यात त्याचे 3 तास. विमानाने दुसऱ्या राज्यात जायला-यायला लागलेला वेळ शून्य. फिजिओच्या टेबलावर बर्फ लावून घालवलेला वेळ शून्य. ‘ऐच्छिक’ व्यायाम शून्य, आणि कोण येतं, कोण येत नाही हे कोचला बरोबर ठाऊक असतं. तक्त्यात 19 तास 30 मिनिटं, आणि खेळाडूचं खरं आठवड्याचं गणित पस्तिसाच्या पुढे. दुपारच्या सरावाला आड येतो म्हणून विज्ञानाचा प्रयोगशाळेचा विषय सोडून दिलेली मुलं मी दर सत्रात बघतो. शिक्षण हा मोबदला असेल, तर तो पुरता चुकता होत नाही. आणि शिष्यवृत्ती तरी कशी? 1973 पासून ती एकेका वर्षाची झाली होती. कोचची मर्जी फिरली की पुढच्या वर्षी बंद. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा 2012 मध्ये परत आली.

व्यवस्था कोसळली ती कोर्टात. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा जुना बास्केटबॉलपटू एड ओ’बॅनन याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखा खेळाडू दिसला: तोच संघ, तोच क्रमांक, तीच अंगकाठी. पैसे मात्र कोणी दिले नव्हते. त्याने 2009 मध्ये दावा लावला आणि 2014 मध्ये न्या. क्लॉडिया विल्किन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की खेळाडूने स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घेतले तर त्याला कोणी शिक्षा करायची नाही. 21 जून 2021 रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 9-0 ने एनसीएएला फटकारलं. निकाल तसा मर्यादित होता, शिक्षणाशी संबंधित लाभांपुरता. पण न्या. कॅव्हनॉ यांनी वेगळं मत जोडलं, आणि त्याचा आशय असा की पगार न देणं हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य, असं सांगून पगार न देण्याचं संगनमत करणारा धंदा अमेरिकेत दुसरा कुठलाही चालू दिला गेला नसता. दहाच दिवसांत, 1 जुलै 2021 ला, एनसीएएने दार उघडलं.

या नव्या उत्पन्नाला इकडे एनआयएल म्हणतात, नाव आणि प्रतिमेचे हक्क. आपल्याकडे क्रिकेटपटू शीतपेयाच्या जाहिरातीत दिसतो तसंच. लुइझियाना स्टेटची जिम्नॅस्ट लिव्ही डन, आयोवाची बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क यांनी यातून रीतसर, स्वतःच्या लोकप्रियतेवर पैसे मिळवले. त्यात कोणाचं काही बिघडलं नाही. पण फुटबॉलमध्ये हे ताकाला जाऊन भांडं लपवण्याचं काम झालं. देणगीदारांनी गट उभे केले, त्यांना ‘कलेक्टिव्ह’ म्हणतात. ते खेळाडूला एखाद्या कार्यक्रमात सह्या करायला बोलावायचे आणि त्याबद्दल लाखो डॉलर द्यायचे. नाव जाहिरातीचं, मोबदला आमच्या संघात ये याचा. विद्यापीठ म्हणणार आम्ही पगार देत नाही, आणि कोच दुपारी त्याच गटाशी फोनवर.

पगार असूनही पगार म्हणायचा नाही, याचा तोटा पोरांना झाला. जेडन रशाडा या क्वार्टरबॅकला (फुटबॉल संघात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) फ्लॉरिडा विद्यापीठाकडे येण्यासाठी 1 कोटी 38 लाख डॉलरच्या घरातला करार दाखवला गेला. तो फिसकटला आणि 2024 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी नेवाडाच्या यूएनएलव्हीचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका, कबूल केलेले पैसे दिले नाहीत म्हणून ऐन हंगामात संघ सोडून गेला. फ्लॉरिडाच्याच जर्व्हन डेक्स्टरने 2022 मध्ये एका कंपनीकडून 4 लाख 36 हजार डॉलर घेतले आणि बदल्यात पुढच्या 25 वर्षांच्या व्यावसायिक कमाईचा 15 टक्के हिस्सा लिहून दिला! त्याला जाग आली ती नंतर, आणि मग तोही कोर्टात. माझ्या टेबलावर येणारे करार लहान असतात, पण भाषा तीच. एका मुलीला 500 डॉलर आणि दोन जोड कपडे, आणि बदल्यात तिच्या छायाचित्रांवर ‘कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या व पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत’ हक्क. खाली सही करायला जागा. वय अठरा.

मग आला हाउस खटला, अ‍ॅरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाउस याच्या नावाचा. 6 जून 2025 रोजी न्या. विल्किन यांनीच त्यातल्या तडजोडीला अंतिम मंजुरी दिली. 2016 पासूनच्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून सुमारे 280 कोटी डॉलर, दहा वर्षांत. आणि 1 जुलै 2025 पासून विद्यापीठाने स्वतः खेळाडूंना थेट वाटा द्यायला मुभा. 2025-26 साठी प्रत्येक विद्यापीठाला कमाल सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. बाहेरचा 600 डॉलरवरचा प्रत्येक करार तपासायला वेगळी यंत्रणा. तेव्हा द्यावेत की नाही हा वाद आता चर्चासत्रापुरता उरला आहे. पैसे दिले जात आहेत.

माझं भांडण पुढे आहे. ही वरची मर्यादा ठरवली कोणी? एनसीएए, बडे गट आणि दावा लावणाऱ्यांचे वकील यांनी. व्यावसायिक फुटबॉलमध्येही संघाच्या पगारावर मर्यादा असते, पण ती खेळाडूंच्या युनियनने टेबलावर बसून मान्य केलेली असते. बदल्यात विमा, निवृत्तिवेतन, सरावाच्या दिवसांवर मर्यादा असं काहीतरी पदरात पाडून घेतलेलं असतं. इथे खेळाडू टेबलावर नाहीच. जो मुलगा आज बारावीत आहे त्याच्या पगाराची कमाल रक्कम त्याला न विचारता ठरली आहे. आणि हे पैसे पुन्हा कशाबद्दल? नावाच्या परवान्याबद्दल. खेळण्याबद्दल नव्हे. म्हणजे पैसे देतो, पण तू आमचा कामगार नाहीस. रे डेनिसनच्या पत्नीला दिलेलं उत्तर अजून तसंच उभं आहे.

युनियनचे प्रयत्न झाले. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल संघाला 2014 मध्ये सरकारी कामगार मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने कर्मचारी ठरवलं, पण वरच्या मंडळाने 2015 मध्ये प्रकरणात हात घालायलाच नकार दिला. डार्टमथच्या पुरुष बास्केटबॉल संघाने मार्च 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 मतांनी युनियन केली आणि वर्षअखेरीला अर्ज मागे घेतला, कारण बदलत्या राजकीय हवेत मंडळाचा निकाल उलटा जाऊन सगळ्यांचंच नुकसान होईल अशी धास्ती होती. दरम्यान जुलै 2024 मध्ये तिसऱ्या सर्किटच्या (म्हणजे तिसऱ्या विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने, कॉलेज खेळाडू काही परिस्थितीत वेतन कायद्याखाली कर्मचारी ठरू शकतात, असं म्हटलं आहे. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांच्या खेळावर टीव्हीचे करार उभे आहेत त्या दोन खेळांतल्या, बड्या गटांमधल्या खेळाडूंना कर्मचारी माना आणि त्यांच्याशी सामूहिक करार करा. बाकीच्यांना शिष्यवृत्तीवरचे विद्यार्थी राहू द्या, पण दुखापतीची जबाबदारी सगळ्यांची घ्या. आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच लोकांना हे पटत नाही. ते म्हणतात, कर्मचारी म्हटलं की कर लागेल, कामावरून काढता येईल, लहान विद्यापीठं बुडतील. लहान विद्यापीठांबद्दलची भीती मला मान्य आहे, म्हणूनच बड्या गटांपुरतं म्हणतो. काढण्याचं म्हणाल तर ते आजही होतंच. हंगाम संपला की कोच मुलाला बोलावतो आणि ‘तुला दुसरीकडे जास्त खेळायला मिळेल’ असं प्रेमाने सांगतो.

मुलींचा प्रश्न यात सर्वात वाईट रीतीने हाताळला गेला, आणि तुम्हाला मुलगी आहे म्हणून थोडं सांगतो. 1972 च्या टायटल नाइन कायद्याने शिक्षणसंस्थांना लिंगभेद करायला बंदी आहे; अमेरिकेत मुलींचा खेळ उभा राहिला तो त्या कायद्यावर. आताच्या भरपाईतले सुमारे 90 टक्के पैसे फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलकडे जायचे आहेत, आणि पुढच्या वाटपातही बरीच विद्यापीठं तेच प्रमाण धरून चालली आहेत. जानेवारी 2025 मध्ये शिक्षण खात्याने सांगितलं की हा वाटाही टायटल नाइनखाली येतो; फेब्रुवारीत नव्या सरकारने ते मार्गदर्शन मागे घेतलं. काही महिला खेळाडू अपिलात गेल्या. बाजारभावाप्रमाणे वाटा, असं समर्थन केलं जातं. पण बाजार कोणी मांडला? 2024 मध्ये महिलांची बास्केटबॉल अंतिम लढत 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिली, पुरुषांची 1 कोटी 48 लाखांनी. तरी महिलांच्या संघांना स्पर्धेतल्या विजयाबद्दल एनसीएएकडून मिळणारा हप्ता पहिल्यांदा सुरू झाला तो 2025 मध्ये.

आता तुमची मुलगी. तिच्याबाबतीत तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत: व्हिसा, बक्षिसाची रक्कम आणि संघातली जागा.

एफ-1 व्हिसावर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही. स्थानिक दुकानासाठी रील बनवून 200 डॉलर घेणं हेही काम ठरू शकतं, आणि धोका 200 डॉलरचा नसून व्हिसाचा असतो. केंटकीचा कांगोहून आलेला ऑस्कर चिब्वे हा देशातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू ठरला होता. 2022 मध्ये संघ बहामाला गेला तेव्हा त्याने जाहिरातींचं चित्रीकरण तिथे उरकलं, कारण अमेरिकेच्या भूमीवर ते करणं अडचणीचं होतं. विद्यापीठाकडून थेट मिळणाऱ्या वाट्याबद्दलही परदेशी विद्यार्थ्यांसाठी सरकारने स्पष्ट नियम घालून दिलेला नाही, म्हणून बऱ्याच विद्यापीठांचे वकील हात आखडता घेतात. मुलीला कोणी ‘छोटासा एनआयएल’ देऊ केला, तर आधी आमच्यासारख्या कम्प्लायन्सवाल्याला नव्हे, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विचारायचं. भारतात सुट्टीवर असताना, भारतीय कंपनीसाठी, भारतात केलेल्या कामाचा प्रश्न वेगळा आहे, पण तोही लेखी विचारून.

बक्षिसांचं बघा. टेनिसमध्ये इतकी वर्षं नियम असा होता की प्रवेशाआधी वर्षाला 10 हजार डॉलरपर्यंत बक्षीस घेता येतं, त्यापुढे फक्त त्या स्पर्धेचा खर्च. प्रवेशानंतर तर खर्चापुरतंच. 2023 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाची फिओना क्रॉली पात्रता फेरीतून अमेरिकन ओपनच्या मुख्य ड्रॉमध्ये पोहोचली आणि तिला 81 हजार डॉलरवर पाणी सोडावं लागलं. फुटबॉलपटूला न खेळता सह्यांचे लाख, आणि हिने कोर्टवर जिंकलेले परत! तिचीच सहकारी रीस ब्रँटमायर हिने 2024 मध्ये या नियमाला कोर्टात आव्हान दिलं. हे नियम हलते आहेत, म्हणून मुलगी ज्या वर्षी प्रवेश घेणार त्या वर्षीची नियमावली पाहा, आणि तोपर्यंत आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धांची प्रत्येक बक्षीस-पावती, प्रवास, हॉटेल, कोचचा खर्च यांची फाइल ठेवा. आमच्याकडे पात्रता अडकते ती बहुतेक वेळा पावती नसल्यामुळे.

संघातली जागा हा तुमच्यासाठी सर्वात महत्त्वाचा भाग. पूर्वी पहिल्या श्रेणीतल्या महिला टेनिस संघाला 8 पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या. हाउस खटल्याची तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघाच्या आकाराची आली: टेनिसला 10. म्हणजे दहाही जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. देतीलच असं नाही. फुटबॉलला वाटा देण्यासाठी पैसा कुठून तरी निघणार, आणि कात्री लहान खेळांवर चालते. कॅल पॉलीने मार्च 2025 मध्ये जलतरण बंद केलं, तेव्हा या तडजोडीचा आर्थिक भार हे एक कारण दिलं होतं. त्यामुळे कोचला सरळ विचारा: पुढच्या चार वर्षांत हा कार्यक्रम चालू ठेवण्याची विद्यापीठाची काय तयारी आहे, दहापैकी किती जणींना पूर्ण शिष्यवृत्ती आहे, माझी मुलगी कितवी, आणि पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, दुसरीकडच्या अनुभवी मुली आल्या तर तिचं काय. कोचला हे प्रश्न आवडणार नाहीत, पण नवीन नाहीत.

शिष्यवृत्ती एका वर्षाची की चार, हे पत्रात लिहिलेलं असतं, चार मागा. पहिल्या श्रेणीत ऑगस्ट 2024 पासून खेळातल्या कामगिरीमुळे शिष्यवृत्ती काढता येत नाही आणि खेळातल्या दुखापतीचा खर्च कॉलेज सोडल्यानंतरही किमान दोन वर्षं विद्यापीठाला करावा लागतो. तरी विम्याचा कागद वेगळा मागून घ्या. ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’, म्हणजे खेळाडूने विद्यापीठाशी बांधून घेण्याचं पत्र, ही जुनी पद्धत ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झाली, तेव्हा त्यावर सल्ला देणाऱ्या एजंटला फी देऊ नका. आता खरा कागद एकच, आर्थिक साहाय्याचा करार, आणि त्यावर आर्थिक साहाय्य कार्यालयाची सही लागते. कोचचा व्हॉट्सअ‍ॅप त्यात धरला जात नाही.

आणि एक, जे कोच कधीच सांगत नाही. ट्यूशन आणि पुस्तकांच्या शिष्यवृत्तीवर कर नाही. राहण्या-जेवणाच्या भागावर आहे. एफ-1 विद्यार्थ्याच्या त्या भागातून विद्यापीठ सर्वसाधारणपणे 14 टक्के कर कापून घेतं किंवा मुलीच्या खात्यावर देणं म्हणून टाकतं. भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम 21 मुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट घेता येते, त्यामुळे विवरणपत्र नीट भरलं तर बराचसा कर परत येतो. पण पहिल्या सत्रात ते देणं खात्यावर दिसलं की पुढच्या सत्राची नोंदणी अडते. ‘पूर्ण शिष्यवृत्ती’ म्हणून आलेल्या मुलींची घरं तेव्हा घाबरून मला फोन करतात. पहिल्या सत्रासाठी दीड-दोन हजार डॉलर वेगळे ठेवा.